काढ्याआधी बीपी मोजा

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत गरोदरपणातल्या वाढत्या रक्तदाबावर वनस्पतींमधल्या अँटिऑक्सिडंटचा उपाय सांगणारा लेख वाचला. आवळा, हळद, शेवग्याचा पाला इथवर ठीक होतं. हे सगळं आपल्या स्वयंपाकातलंच, खुशाल खावं. पण काढ्यात ज्येष्ठमधही घालायला सांगितलाय, म्हणून लिहायला बसले. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घालवतं आणि बीपी चढवतं. ज्यावर उपाय म्हणून घ्यायचं, तेच वाढवणारं!

अँटिऑक्सिडंटची कल्पना खुळी नव्हती. प्रीएक्लाम्प्सियात (गरोदरपणात बीपी चढून लघवीतून प्रथिनं जाण्याचा आजार) वारेला रक्त नीट पोचत नाही, तिथे ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे पेशींना इजा करणारा आणि अँटिऑक्सिडंट ज्याला आवर घालतात तो ताण, वाढतो, हे खरंच. 1999 मध्ये लंडनच्या एका लहान अभ्यासात क आणि ई या अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वांनी गुण आल्यासारखा दिसला. पण 2006 मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे 2400 बायकांच्या चाचणीत आजार कमी झाला नाही, उलट कमी वजनाची बाळं जास्त जन्मली. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह चार देशांत करून पाहिलं, तिथेही फायदा दिसला नाही. मोजूनमापून दिलेल्या गोळ्यांची ही गत, मग चूर्णाच्या पुडीत काय नि किती आहे हे कोण सांगणार?

मी उपकेंद्रात आरोग्यसेविका होते. एक पहिलटकरीण आठव्या महिन्यात आली. बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना. लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली, तर वरचा भाग उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा झाला, म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती. बीपी 160/110. सासूबाई पंधरा दिवस सूज उतरायला काढा देत होत्या. त्यांना तरी काय बोलायचं? सून रोज 'बरं वाटतंय' म्हणत होती. बीपी चढलेलं पुष्कळदा कळतच नाही, हीच तर या दुखण्याची गोम. तालुक्याच्या गावी नेऊन मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन मिळालं, म्हणून झटके आले नाहीत. नंतर तिच्या घरी गेले, तर आम्ही दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या फळीवरच्या डब्यात तशाच! आणि ज्यांच्या जेवणात दूधदुभतं कमी, त्यांना प्रीएक्लाम्प्सियापासून जपणाऱ्या ज्या मोजक्या गोष्टी आहेत, त्यांत कॅल्शियम येतं. (लोहाच्या गोळीबरोबर मात्र घेऊ नये, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत.) जोखीम जास्त असेल तर डॉक्टर पहिल्या काही महिन्यांतच कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. ती मनाने घ्यायची नाही.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी फुकट होते. पुढच्या पुरवणीत तेवढी चौकट छापा: विसाव्या आठवड्यानंतर बीपी 140/90 किंवा वर गेलं, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, बरगडीखाली दुखलं, चेहरा सुजला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि ज्येष्ठमधाबद्दल दुरुस्तीही छापा, लेख होता तेवढ्याच ठळक अक्षरांत.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. सांगली