तायडीला ताप नव्हता

ठाणे,
गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय मंग्या,

तुझा फराळाचा डबा दिवाळीच्या आदल्या दिवशी मिळाला आणि मी साधा पोचल्याचा फोनही केला नाही. रागावला असशील, त्यात चूक काही नाही. पण आज जे लिहितोय ते फोनवर बोलण्यासारखं नाही, आणि व्हॉट्सॲपवर तर नाहीच नाही. टपालवाल्यांची पोरं आपण, हे पाकिटातूनच यायला हवं.

आईची शुगर आटोक्यात. माझी पाठ आहे तशीच. झालं.

काल तुझ्या अण्णांकडे गेलो होतो. तसा मी जातोच महिन्या-दोन महिन्यांतून, पण काल ड्यूटीवर गेलो होतो, खाकी घालून. नोव्हेंबर ना, हयातीचे दाखले चालू आहेत. आता आम्ही घरी जाऊन करतो ते. सत्तर रुपये, अंगठा, झालं काम. ज्यांना जिना उतरवत नाही ते पोस्टमनचीच वाट बघतात. माझ्या यादीत अजून अकरा म्हातारी माणसं आहेत, तीस तारखेच्या आत उरकायची. आणि मंगळवारपासून संप. बेमुदत.

तुला पेपरात दिसलंच असेल. मागण्या त्याच रे, जुनी पेन्शन, रिकाम्या जागा, डाक सेवकांचा प्रश्न. मी २०११ चा, म्हणजे १ जानेवारी २००४ नंतरचा, म्हणजे अण्णांसारखी पेन्शन मला नाही. एप्रिल २०२५ पासून, जुनी पेन्शन आणि एनपीएस यांच्यानंतरची, एक तिसरी योजना आली आहे. ती घ्यावी की नको यावर सॉर्टिंगच्या टेबलाशी रोज भांडणं होतात, पत्रं एकीकडे आणि तोंडं एकीकडे. परवाच्या सभेत मुख्य भाषण जुन्या चालीचं झालं. जुलै १९४६ पासून सुरुवात, टपालवाल्यांसाठी मुंबई बंद झाली होती ते सगळं. ऐकताना अजूनही अंगावर काटा येतो माझ्या, खोटं नाही सांगत. बाबा तेच सांगताना कसे ताठ व्हायचे, आठवतं?

पण सभा संपली की घरचा रस्ता सुरू होतो. काम नाही तर दाम नाही, ते ठीक, तेवढं सोसता येतं. पण सेवेत खंड धरला तर? कळव्याच्या घराचा हप्ता दर पाच तारखेला सव्वीस हजार जातो. रश्मीची शाळा कंत्राटी, तिचा पगार कधी वेळेवर, कधी नाही. संपात उतरतो म्हणून सही करायचा कागद तीन दिवस माझ्या शर्टाच्या खिशात होता. तिसऱ्या दिवशी रश्मीने शर्ट धुवायला काढला, कागद टेबलावर ठेवला आणि एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आणि दुसरी गोष्ट बीटची, म्हणजे मी पत्रं वाटतो त्या भागाची. तू ठाणं सोडलंस तेव्हाचं ठाणं आता विसर. निम्म्या जुन्या बिल्डिंगा पाडल्या आहेत. पत्त्यावर बिल्डिंगचं नाव असतं आणि जागेवर पत्रे ठोकलेले असतात, आत क्रेन. माणसं दोन-तीन वर्षांसाठी भाड्याने पांगली आहेत. कोण चरईत, कोण कोपरीत, कोण मुलाकडे डोंबिवलीला. हे कुठल्याही मोबाईलमध्ये नाही, माझ्या डोक्यात आहे. बदली माणूस आला तर तो प्रामाणिकपणे 'लेफ्ट' लिहून परत पाठवेल, त्याचा काय दोष? गेल्या आठवड्यात एका पोरीचं नोकरीचं पत्र मी असंच शोधत शोधत खारेगावला नेऊन दिलं. ती माझी बीटही नाही. घरी जाता जाता दिलं. तिची आई दारातच रडायला लागली. म्हणजे मी आठ-दहा दिवस गेलो नाही तर ही माणसं पत्त्यावरून पुसली जातात. मग संप नक्की कुणाविरुद्ध होतो, असं रात्री मनात येतं. सकाळी सॉर्टिंगला उभा राहिलो, शेजारची बीट रिकामी, तिचा गठ्ठाही माझ्याच पुढ्यात पडला, की वाटतं, संप नाही करायचा तर काय करायचं.

तू असतास तर म्हणाला असतास, निल्या, तू बोलून बोलून चहा गार करतोस. तर ऐक.

अण्णांचा अंगठा उमटेना. चार वेळा पुसला, ओल्या फडक्याने, सुक्या फडक्याने. शेवटी मोबाईल तोंडासमोर धरला, आता तशीही सोय आहे, चेहरा दाखवायचा आणि डोळे मिचकवायचे. अण्णा म्हणाले, "जिवंत असल्याचं सांगायला डोळा मारायचा होय रे? ही म्हणजे कोकणातली पद्धत झाली." आणि असे दोन्ही डोळे मिचकवले की मला हसू आवरेना. दाखला झाला. सत्तर रुपये त्यांनी मोजून दिले, मी नको म्हटलं तर ओरडले, "पावती फाडतोस की नाही?"

मग स्वतः चहा केला. काकू गेल्यापासून साखर अंदाजाने घालतात, जास्तच घालतात. आणि पाठमोरे असतानाच विचारलं, "सही केलीस?"

मी खिशातला कागद दाखवला. कोरा.

मंग्या, मला वाटलं आता ते सांगतील, संसार बघ, पोरीचं बघ. तेवढं ऐकायलाच मी गेलो होतो बहुतेक. ते म्हणाले, "त्या संपात मी कामावर आत गेलो ना, नवव्या दिवशी. तायडीला ताप नव्हता."

मी गप्प.

"घरी मेमो आला. मी घाबरलो. तुझा बाप बाहेर गेटवर उभा होता, मी मागच्या दाराने गेलो. तुझ्या काकूने मग सगळ्यांना सांगितलं तायडीला ताप म्हणून. मंगेशलाही तेच सांगितलं. तो तुझ्याशी भांडला ते त्या तापावरून."

भांडला कसला, दात पाडलास तू माझा. डिसेंबर २०००, आठवीत आपण. मी तुला क्वार्टर्सच्या नळावर सगळ्यांसमोर 'फितुराचा पोरगा' म्हटलं आणि तू भरलेली कळशी टाकून अंगावर आलास. "माझी बहीण तापाने फणफणलीय" असं ओरडत होतास. चौदा दिवसांनी संप संपला, पण आपले बाप तसेच राहिले. जिन्यात समोरासमोर आले तर एक जण वर जायचा थांबायचा. तायडीच्या लग्नात बाबांनी आम्हाला जाऊ दिलं नाही. मी गच्चीवरून वरात बघितली होती, तुला कधी सांगितलं नाही. बाबांचा अभिमान एकच होता, की संप ईडींसाठी, म्हणजे खात्याबाहेरच्या (एक्स्ट्रा डिपार्टमेंटल) टपालवाल्यांसाठी होता आणि आपण ईडी नसून उभे राहिलो. ते चूक नव्हतंच. आज ईडींना डाक सेवक म्हणतात, २०१८ च्या मे-जूनमध्ये तेही सोळा दिवस बाहेर होते, आणि पेन्शन त्यांना अजून नाही. पण त्या अभिमानात त्यांनी अण्णांना एकोणीस वर्षं हाक मारली नाही, आणि मग बाबा गेलेच. अण्णा स्मशानात आले होते. लांब, पाण्याच्या टाकीजवळ उभे होते. तू त्यांना घ्यायला गेलास तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. त्याची मला आजही लाज वाटते.

मी अण्णांना म्हटलं, मलाही भीतीच वाटतेय. पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं, रश्मीलाही म्हटलेलं नाही. ते म्हणाले, "वाटणारच. मला भीती वाटली याचं काही नाही रे. ती लपवायला पोरीचा ताप वापरला, ते राहिलं मनात."

आणि पाचशेची नोट काढली. संप फंडाला. मी पावतीपुस्तक आणलं नव्हतं, तर म्हणाले, उद्या आण, पण नाव घालू नकोस. मी विचारलं, मग काय लिहू? "जुनी बाकी लिही," म्हणाले.

आज सकाळी पावती नेऊन दिली. खाली कागद तसाच होता, त्यांच्याच टेबलावर सही केली. त्यांनी सही बघितली नाही, दूध उतू जाईल म्हणून आत गेले. गॅसवर दूध नव्हतं.

दाखल्यांची ती यादी मात्र मी सोमवारपर्यंत संपवणार आहे. आज चार झाले, उद्या तीन, उरलेले शनिवारी आणि सोमवारी. रजेच्या दिवशी, रात्री आठला, कसंही. संपावर जायचं तर कुणा म्हातारीची डिसेंबरची पेन्शन अडकवून नाही जायचं, एवढं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. सोबतचे काही जण म्हणतात, मग संपाचा धाक काय राहिला? त्यावर आज अर्धा तास भांडलो. पटलं नाही त्यांना. मलाही त्यांचं पूर्ण खोडता आलं नाही.

तुझं काय? वर्कशॉपमध्ये नवा लेथ आला का? पुराच्या वेळचं कर्ज फिटलं असेल एव्हाना. ईशाच्या चित्राला बक्षीस मिळालं ते तायडीकडून कळलं, तिला माझ्याकडून रंगपेटी, वहिनींना नमस्कार. चकली या वर्षी कडक झाली होती, खरं सांगतो, तरी रश्मीने आणि मी दोन दिवसांत संपवली.

अण्णांना मी विचारलं होतं, हे मंगेशला सांगू का? बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांग. मला जमलं नाही."

म्हणून हे पत्र. 'फितुराचा पोरगा' मी मागे घेतो. पंचवीस वर्षं उशीर झाला, पण घेतो. दात राहू दे तुझ्याकडे.

उद्या सकाळी मी स्वतः स्पीड पोस्टच्या बॅगेत टाकतो, म्हणजे संपाच्या आत चिपळूणला पोचेल. मिळालं की अण्णांना फोन कर. दुपारी तीननंतर कर, तेव्हा ते उठून एकटे खिडकीत बसलेले असतात. तायडी रविवारी असते, तेव्हा नको. आणि तापाचं तू काढू नकोस, ते काढतील.

तुझा,
निल्या