एमएसचा थकवा घरच्यांनी समजून घ्यावा

महोदय,

३० मे हा जागतिक एमएस दिन. त्या सुमारास एमएसवर, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारावर, लेख येतात. आजार कशाने होतो, नवी औषधं कोणती आली, हे त्यांत असतं आणि ते हवंच. पण निदान होऊन घरी आलेल्या माणसाचे प्रश्न वेगळे असतात. अंघोळ करून उठताना पाय का गळाले? दुपारनंतर साधा हिशोबही का सुचत नाही? हा आजाराचा नवा अटॅक समजायचा का? आणि घरच्यांचा प्रश्न एकच असतो, "दिसायला तर ठणठणीत, मग सारखं पडून का राहावं लागतं?" या प्रश्नाचं उत्तर न मिळाल्यामुळे चांगल्या घरांतही फार कडवटपणा येतो, म्हणून हे पत्र.

या आजारात मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण शरीराचीच प्रतिकारशक्ती कुरतडते. आवरण गेलेल्या तंतूतून संदेश रखडतो, कधी वाटेतच थांबतो. त्यामुळे जिना चढणं, दोन माणसांचं बोलणं एकाच वेळी ऐकणं अशा साध्या गोष्टींनाही मेंदूला जास्त खटपट करावी लागते. एमएस असलेल्या चारांपैकी तिघांना तरी हा थकवा येतो, आणि रात्रभर झोप झाली तरी तो सकाळी हजर असू शकतो. त्याला आळस म्हणणं हे अज्ञान आहे, आणि रुग्णाच्या मनाला ते फार लागतं.

सगळा थकवा मात्र एमएसच्या खात्यावर टाकू नये. रक्त कमी असणं, थायरॉइड, रात्री चार वेळा लघवीला उठावं लागणं, नैराश्य, गुंगी आणणाऱ्या गोळ्या ही कारणं आधी तपासून घ्यावीत, कारण त्यांवर नेमके उपचार आहेत. थकव्यासाठी म्हणून अमॅन्टॅडिन, मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट ही औषधं वापरली जातात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ही तिन्ही औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. म्हणजे मुख्य भिस्त दिवसाच्या आखणीवर आणि व्यायामावरच.

आखणीची सुरुवात वहीने करावी. आठवडाभर दर दोन तासांनी काय केलं आणि थकवा शून्य ते दहा यांत किती, एवढंच लिहायचं. आठ दिवसांत स्वतःचे चांगले तास कळतात. बहुतेकांचे ते सकाळचे असतात. जड काम, महत्त्वाचा फोन, बँकेचं काम त्या वेळेत ठेवावं. विश्रांती दमल्यावर घेऊन उपयोग नाही, दमायच्या आधी घ्यावी: दहा-पंधरा मिनिटं, आडवं होऊन, डोळे मिटून. मोबाइल बघत पडणं ही विश्रांती नव्हे, त्यात मेंदूचं काम चालूच असतं. जे बसून करता येतं ते उभ्याने करू नये. इस्त्री, चिरणं-निवडणं, दाढी, केस विंचरणं, सगळं बसून. सर्वांत जास्त घोटाळा होतो तो चांगल्या दिवशी. आज बरं वाटतंय म्हणून साठलेली कामं एका दमात उरकली जातात आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. म्हणून बऱ्या दिवशीही ठरवलेल्या विश्रांती चुकवू नयेत.

दुसरा शत्रू उष्णता. १८९० साली विल्हेल्म उह्थॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने नोंदवलं होतं, की श्रम झाले की अशा रुग्णांची नजर काही काळ धूसर होते. पुढे लक्षात आलं, की खरं कारण शरीराचं वाढलेलं तापमान. अर्धा अंश सेल्सियस एवढी वाढही आवरण गेलेल्या तंतूतला संदेश अडवायला पुरते. एमआरआय येण्यापूर्वी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का, हे बघून निदानाला आधार घेत असत. आजही घरातली धोक्याची जागा तीच. कढत पाण्याने अंघोळ चालू असेपर्यंत काही जाणवत नाही. उठायला जावं तर गुडघ्यांत जोर नसतो, डोळ्यांपुढे धुकं येतं, आणि हात जातो तो टॉवेलच्या दांडीवर. ती दांडी वजन पेलत नाही. पाणी कोमट असावं, अंघोळ स्टुलावर बसून करावी, भिंतीत पक्का बसवलेला आधाराचा दांडा असावा, पायाखाली न सरकणारी रबरी चटई असावी आणि दाराला आतून कडी लावू नये. घराबाहेर पडण्याआधी वीसेक मिनिटं पंख्याखाली बसून मानेवर ओला पंचा ठेवावा, घोट घोट गार पाणी प्यावं. उष्णतेने वाढलेली लक्षणं अंग गार झालं की ओसरतात, त्याने नसांना कायमची इजा होत नाही. एवढं माहीत असलं तरी निम्मी भीती जाते. या भीतीपोटी व्यायाम सोडणं तर फार महागात पडतं. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, पंखा लावून, अशी सुरुवात बहुतेकांना झेपते.

अटॅक कशाला म्हणायचं हे घरात सगळ्यांना ठाऊक हवं. नवीन लक्षण किंवा जुन्याची स्पष्ट वाढ, चोवीस तासांहून जास्त टिकलेली, आणि सोबत ताप किंवा संसर्ग नाही, तर तो अटॅक असू शकतो; न्यूरॉलॉजिस्टना लगेच कळवावं. ताप किंवा लघवीचा संसर्ग असेल तर जुनीच लक्षणं डोकं वर काढतात, आणि संसर्ग बरा झाला की ती खाली बसतात. लघवीची तपासणी न करता स्टेरॉइडची सलाइन लावायची घाई करू नये, कारण स्टेरॉइडने संसर्ग बळावू शकतो. खऱ्या अटॅकमध्ये सहसा मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज एक ग्रॅम, तीन ते पाच दिवस देतात. त्याने बरं होण्याचा वेग वाढतो, पुढचा अटॅक टळत नाही. तो टाळण्यासाठीची औषधं वेगळी, आणि बरं वाटतंय म्हणून ती आपल्या मनाने बंद करायची नसतात. त्यांतली काही अचानक सोडल्यावर आजार उसळून येतो.

लघवीबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही, आणि संसर्गाचं मूळ बहुधा तिथेच असतं. घाई होते म्हणून माणूस पाणीच कमी पितो. मग लघवी दाट होऊन मूत्राशयाला आणखी चिडवते, बद्धकोष्ठ होतं आणि संसर्गाला वाट मिळते. डॉक्टरांनी मर्यादा घातलेली नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी प्यावं, त्यातलं बहुतेक दिवसा. झोपण्यापूर्वीचे दोन तास कमी. लघवी झाल्यावर दोन मिनिटं थांबून, पुढे वाकून पुन्हा प्रयत्न करावा. तरीही पोट जड राहिलं तर सोनोग्राफीत मागे किती लघवी उरते ते पाहावं. बरीच उरत असेल तर स्वतःच कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची बारीक नळी, घालून मूत्राशय रिकामं करायला शिकवतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण ते जमू लागलं की बाहेर पडायची धास्ती संपते.

पायांचा ताठरपणा एकाएकी वाढला तर आधी कारण शोधावं: बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, मांसात रुतलेलं नख, घट्ट बूट. पोटरीचा ताण तीस सेकंद तरी धरावा, हिसके देऊ नयेत. ताठरपणा कमी करणारी बॅक्लोफेनची गोळी एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. ती संपण्याआधीच आणून ठेवावी. डोस जास्त झाला तरी पंचाईत, कारण काहींचे पाय त्या ताठरपणाच्या जोरावरच उभे असतात. काठी कमजोर पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बूट घालून, हात सैल सोडून उभं राहिल्यावर तिची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी.

आता आधाराबद्दल. "काही लागलं तर सांग" या वाक्याने रुग्णाला काहीच मिळत नाही, सांगायची जबाबदारी उलट त्याच्यावरच येते. "मंगळवारी औषधं मी आणतो", "फिजिओथेरपीला सोबत मी येते", असं वार धरून काम वाटून घ्यावं. नव्याने निदान झालेल्यांनी रुग्णांच्या गटात जरूर जावं; कॅथेटर, नोकरी, लग्न यांबद्दल तिथे जे बोलता येतं ते घरात बोलवत नाही. मात्र कोणी आजार मुळापासून घालवण्याची हमी देत असेल तर त्याच्या नादी लागू नये. आणि दोन आठवडे सलग मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर ते डॉक्टरांना सांगावं. एमएसमध्ये नैराश्य खूप आढळतं, त्यावर उपचार होतात. दिवसरात्र सेवा करणाऱ्यालाही हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा, आणि आठवड्यातला एक अर्धा दिवस दुसऱ्या कोणीतरी सांभाळायला हवा.

आपली,
एक व्यवसायोपचारतज्ज्ञ