आभार, हात मांडीखाली ठेवल्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

डे स्किपरचं, म्हणजे दिवसा शिडाची बोट स्वतःच्या जबाबदारीवर चालवण्याचं, सर्टिफिकेट परवा कुरिअरनं दांडिया बाजारातल्या घरी आलं. सासूबाईंनी ते आधी देवापुढे ठेवलं आणि मग विचारलं, "आता बोट कुठे ठेवणार गं तू?" बडोद्यात हा प्रश्न रास्तच आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे सूरसागर, त्याच्या काठावर शेंगदाणे खात महादेवाची मूर्ती बघायची. नाहीतर विश्वामित्री, तिच्यात मगरी.

फोनवर तुम्ही "बरं झालं" म्हणालात आणि लगेच पावसाचा विषय काढलात. आभार काही मानू दिले नाहीत. म्हणून हे उघड पत्र, चार लोकांनाही वाचू दे.

तुमच्याकडे येण्याआधी मी मुंबईतच दुसरीकडे शिकत होते. नाव तुम्ही कधी घेतलं नाहीत, मीही घेत नाही. फी आधी, तीही पूर्ण. पहिल्याच दिवशी "मॅडम बडोद्याच्या का? समुद्र बघितलाय ना कधी?" असं विचारून सगळे हसले. सुकाणू माझ्या हाती यायचं ते वारा पडलेला असताना. जरा झोत आला की "द्या इकडे, द्या इकडे". बोट धक्क्याला लावायची वेळ झाली की बॅचमधली कॉलेजची पोरं सुकाणूवर आणि मी पुढे दोर धरून उभी. शेवटी ऐकवलं काय, तर तुम्हाला कॉम्पिटंट क्रू, म्हणजे हाताखालचा खलाशी, एवढं पुरे आहे, स्किपर होऊन काय करायचंय? नौदलाच्या सहा जणी २०१७-१८ मध्ये 'तारिणी' घेऊन जगाला वळसा घालून आल्या, त्यांचा मोठा फोटो त्याच ऑफिसात लावलेला होता. भिंतीवर चालतात बायका.

आणि तुम्ही पहिल्या दिवशी काय विचारलंत? "तुमच्या खंबातच्या आखातात पाणी किती चढतं?" मी म्हटलं, भावनगरपाशी उधाणाला दहा मीटरच्या वर. "मग मुंबईचं चार-साडेचार मीटर तुला काय घाबरवणार, बाय!" लगेच बाराव्या हिश्शाचं गणितही मांडलंत. भरतीच्या सहा तासांत पाणी सारखं चढत नाही. पहिल्या तासात एक हिस्सा, मग दोन, मधल्या दोन तासांत तीन-तीन, पुढे दोन आणि शेवटी एक. जन्म बँकेत आकडेमोड करण्यात गेलेली बाई मी, मला ते तिथल्या तिथे पटलं. घरी डायनिंग टेबलावर चार्ट, म्हणजे समुद्राचा नकाशा, पसरून समांतर पट्टी सरकवायला लागले तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी प्लॉट घेताहेत वाटतं!" होकायंत्राचा धडा तर तुम्ही थेट तुमच्या अलिबागवर नेलात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली, हे सांगताना तुमचा चेहरा असा काही फुलला होता, जणू सामान तुम्हीच वाहून नेलं!

पण हे पत्र त्यासाठी नाही. हे पत्र त्या मूरिंगच्या, म्हणजे पाण्यात तरंगत्या बोयाला बोट बांधायच्या, दुपारसाठी आहे.

वारा पश्चिमेचा, ओहोटी लागलेली. वारा मागून आणि पाणी समोरून, म्हणजे मेन हे मोठं शीड उतरवून नुसत्या जिबवर, पुढच्या लहान शिडावर, बोयापाशी यायचं. पलीकडे एक ट्रॉलर नांगरलेला, त्याची नाळ, पुढचं टोक, आमच्या अंगावर आल्यासारखी वाटत होती. मला ठाऊक होतं आता काय होणार. कोणीतरी "द्या इकडे" म्हणणार. तुम्ही माझ्या समोर बसलात, दोन्ही हात मांड्यांखाली सरकवलेत आणि बोयाकडे बघत राहिलात. तोंडातून शब्द नाही. तुमचा उजवा गुडघा मात्र सारखा हलत होता, काका. तो मी पाहिला. धाकधूक तुम्हालाही होती, बोट तुमच्या जबाबदारीवर होती आणि तरीही हात बाहेर आले नाहीत. मी जिबची दोरी सैल सोडली, शीड फडफडलं, बोट पाण्याच्या धारेवर मंदावली आणि बोया आकडीत अलगद आला. तुम्ही हात काढून झटकलेत. म्हणालात, "मुंग्या आल्या. चहा टाक."

एवढंच. शाबासकी नाही, भाषण नाही. मी आत स्टोव्हपाशी गेले आणि काडेपेटी हातात धरून जरा वेळ तशीच उभी राहिले.

मला पोळ्या शिकवताना आईसुद्धा दुसऱ्या पोळीला लाटणं ओढून घ्यायची. प्रेमानंच, पण ओढायची. बँकेत नवीन पोरांना शिकवताना कीबोर्ड स्वतःकडे ओढणारे साहेब मी आयुष्यभर पाहिले. येत असलेलं काम दुसऱ्याला करू द्यायचं आणि जीव मुठीत धरून गप्प बसायचं, हे फार थोड्यांना जमतं. मदत करणारे पुष्कळ भेटतात, पण त्यातल्या बऱ्याच जणांना आपली मदत दिसायला हवी असते. तुमच्यासारखी अबोल माणसं अजून आहेत. गेटवेजवळचा तो चहावाला माझी ओली पिशवी दिवसभर सांभाळायचा आणि पैसे काढले की दुसरीकडे बघायचा. त्यालाही माझा नमस्कार सांगा.

आता कामाचं. माझ्या भाचीला शिकायचंय. पोहणं पक्कं आहे. बोलाइनची गाठ मी शिकवलीय, पण वेटोळं अजून उलटं घालते, तिथे जरा रागवा. गुजराती मिसळलेलं मराठी बोलते, "चालशे" म्हणाली तर हसू नका. पाऊस संपून सीझन सुरू झाला की रात्रीच्या गाडीत बसवते. सोबत लीलो चेवडो पाठवतेय, काकूंना सांगा, दोन दिवसांत संपवायचा, टिकत नाही तो.

तुमची,
बडोद्याची बाय