उजनीतल्या नावांवर तीन आकडे लिहा

संपादक महोदय,

उजनी धरणाच्या काठची पोरं हल्ली नाव घ्यायला निघाली की पहिला प्रश्न विचारतात, ‘किती एचपीचं मशीन बसवू?’ नाव किती लांब, मागून किती रुंद, तिच्यात माणसं किती बसणार, माल किती भरणार, हे सगळं मागाहून. हा क्रम उलटा आहे. तो सुलटा व्हावा म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी राहायला सोलापुरात, पण मूळ गाव करमाळा तालुक्यात, फुगवट्याला लागून. नोकरी आयटीआयमध्ये शिल्प निदेशकाची केली, विषय इंजिनांचाच. त्यामुळे गावाकडून कुणी ना कुणी कोटेशनचा कागद घेऊन घरी येतंच. दिवाळीनंतर भाचा आला. चौदा फुटी फायबरची नाव, मागची फळी चार फूट रुंद, आणि विक्रेत्यानं दिलेलं कोटेशन ४० एचपीच्या आउटबोर्डचं, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून अडकवायच्या मशीनचं. ‘पुढं मोठी नाव घेतलीस तर हेच मशीन चालेल,’ असं त्याला पटवलेलं. भाच्याचं काम दुहेरी आहे. पहाटे जाळं काढायचं, आणि रोहित पक्षी आले की बघायला येणाऱ्या पाहुण्यांना फिरवायचं.

आपल्या शेतकऱ्याला हे विहिरीवरच्या मोटारीवरून लगेच कळेल. पाणी तीन एचपीपुरतं असताना साडेसातची मोटर बसवली म्हणून विहीर जास्त पाणी देत नाही. नावेचं त्याहून कठीण, कारण इथं मोटारीचं वजन नावेलाच उचलावं लागतं, तेही अगदी मागच्या कडेला. ४० एचपीचं फोर-स्ट्रोक मशीन शंभर किलोच्या आसपास भरतं. पंधराचं पन्नासच्या आसपास. भाच्याला तोंडी सांगून पटेना, तेव्हा आम्ही नाव पाण्यात ढकलली आणि मागच्या फळीला टेकवून युरियाच्या भरलेल्या दोन गोण्या ठेवल्या. एक गोणी पंचेचाळीस किलोची. मग त्याला चालवणाऱ्याच्या जागेवर बसवलं. नावेची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचलली गेली आणि फळीच्या वरच्या कडेपासून पाणी जेमतेम वीतभर खाली राहिलं. अजून पेट्रोलची टाकी नाही, बर्फाची पेटी नाही, एकही पाहुणा नाही. अशी नाव वेगात असताना मशीन एकदम बंद केलं तर तिच्याच मागे उठलेली लाट फळीवरून आत येते. भाचा गोण्यांकडे बघत बसला आणि ४०चा विषय त्यानं स्वतःच सोडला.

किती एचपी चालेल याचा हिशेब अंदाजानं करायची गरज नाही. अमेरिकेत वीस फुटांच्या आतल्या मोटारबोटींवर १९७२ पासून एक पट्टी सक्तीची आहे: माणसं किती, एकूण वजन किती आणि जास्तीत जास्त एचपी किती. त्यातला एचपीचा आकडा काढायची रीत आपल्याकडचा नववीचा मुलगा करील इतकी सोपी आहे. नावेची लांबी गुणिले मागच्या फळीची रुंदी, दोन्ही फुटांत. भाच्याच्या नावेचे चौदा चोक छप्पन्न. गुणाकार साडेबावन्नच्या वर गेला की पुढचं गणित असं. नाव मशीनचाच दांडा हातात धरून वळवायची असेल तर ०.८ नं गुणून २५ वजा करायचे. उत्तर १९.८, म्हणजे पुढची पाचाची पट घेऊन २० एचपी. तळ सपाट आणि कडा कोनाच्या असतील, तर निम्मे करून १५ वजा. उत्तर १३, म्हणजे १५ एचपी. पुढे स्टिअरिंग बसवलं असेल आणि फळी वीस इंच उंच असेल, तर दुपटीतून ९० वजा. उत्तर २२, म्हणजे २५ एचपी. तीन प्रकारांत तीन उत्तरं, पण ४० कुठेच येत नाही. आणि ही वरची मर्यादा आहे. इतकं बसवलंच पाहिजे, असं तिचं म्हणणं नाही.

माणसांसाठीही एक ढोबळ माप आहे. लांबी गुणिले सगळ्यात जास्त रुंदी, भागिले पंधरा. चौदा फूट लांब आणि पाच फूट रुंद नावेत पावणेपाचच्या आत उत्तर येतं, म्हणजे चार माणसं, तीही वारा शांत असताना. चालवणारा त्या चारांत धरायचा. आपल्याकडे तो मोजतच नाहीत.

आता मर्यादेच्या आत नेमकं किती घ्यायचं, हे कामावर ठरतं. पाणी कापत चालणाऱ्या नावेला तिच्या लांबीनं घालून दिलेला एक वेग असतो. चौदा फुटी नावेचा तो ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास. तेवढ्यासाठी पाच-सहा एचपी पुष्कळ झाले. त्यापुढे जायचं तर नाव पाण्याच्या वर चढून घसरत चालली पाहिजे, आणि त्याला जोर एकदम जास्त लागतो. नाव, मशीन, माणसं, पेट्रोल, जाळी, बर्फ असं सगळं मिळून दर एचपीमागे वीस-पंचवीस किलोच्या आत बसलं, तर ती चढते. भाच्याची रिकामी नाव दीडशे किलो, मशीन पन्नास-साठ, दोन माणसं, टाकी आणि जाळी धरून सव्वाचारशेच्या आसपास. वीस एचपीला हे जमतं. त्यातच चार माणसं आणि बर्फाची पेटी आली की साडेपाचशेच्या पुढे जातं. मग नाळ आभाळाकडे, मागचा भाग पाण्यात, आणि मशीन नुसतं कण्हत पेट्रोल पितं. पूर्ण ताकदीवर चालवताना दर दहा एचपीमागे ताशी साडेतीन-चार लिटर जातं असं धरा. त्या वेळी शहाण्यानं मूठ सोडावी आणि नऊ किलोमीटरनं सावकाश घरी यावं.

नुसती पाहुण्यांची नाव असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ९.९ एचपीच्या वर जाऊ नका. रोहित पक्ष्यांच्या थव्याजवळ जोरात जायचंच नसतं. मशीन मोठं घेतलं की हात शिवशिवतो, पक्षी उडतात, आणि पैसे मोजून आलेला पाहुणा रिकाम्या पाण्याचा फोटो काढून जातो. जाळ्याची नाव असेल तर पंधरा पुरे. दोन्ही कामं असतील तर वीस. भाच्यानं वीसचं घेतलं.

पण फार छोटं मशीनही धोक्याचं, हे तितक्याच स्पष्टपणे सांगतो. उजनी म्हणजे गावतळं नव्हे. धरण भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटरला जाते, आणि फुगवटा भीमेच्या पात्रात वर दूरपर्यंत पसरतो. मोकळ्या पाण्यावरून वारा सुटला की आडवायला काही नसतं. वैशाखातला वळीव कसा येतो ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगाव ते कळाशी जाणारी नाव अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला, त्यात लहान मुलं होती. मशीन मोठं असतं तर ते वाचले असते असं मी म्हणत नाही. तशा वाऱ्यात नाव काठालाच बांधलेली असली पाहिजे. मात्र नेहमीच्या समोरच्या वाऱ्याला तोंड देऊन काठ गाठता येईल एवढा जोर नेहमी शिल्लक हवा. शिवाय या उंचीवर इंजिनाची ताकद पाच टक्क्यांच्या आसपास कमी भरते, मे महिन्याच्या उन्हात आणखी थोडी. मुंबईच्या समुद्रावर वीस देणारं मशीन उजनीकाठच्या केत्तूरला एकोणीसच देणार.

मशीन घेताना एचपीइतकीच शाफ्टची, म्हणजे पाण्यातल्या पंख्यापर्यंत खाली जाणाऱ्या भागाची, लांबी बघा. मागची फळी पंधरा इंच उंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, वीस इंच असेल तर लाँग शाफ्ट. पंख्याच्या वरची आडवी पट्टी नावेच्या तळाच्या रेषेत आली पाहिजे. उंच राहिली तर वळणावर पंखा हवा खातो, मशीन ओरडतं आणि नाव जागची हलत नाही. खोल गेली तर ओढ वाढते, आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर पाण्याखालच्या जुन्या बांधांना, भिंतींना, बाभळीच्या खुंटांना पंखा आपटतो. धरणाखाली गावंच्या गावं गेलेली आहेत. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात वर येतं ते आपण हौसेनं बघतो, पण तसे दगड जागोजागी आहेत आणि ते दिसण्याआधी लागतात.

पंख्याबद्दल मात्र विक्रेते बोलतच नाहीत. मशीनबरोबर आलेला पंखा आपल्या नावेला बसेलच असं नाही. नेहमीचं वजन भरून पूर्ण मूठ दिली की इंजिनाचे फेरे पुस्तिकेत दिलेल्या पट्ट्यात आले पाहिजेत. फोर-स्ट्रोकला तो मिनिटाला साधारण ५,००० ते ६,००० असतो. भाच्याच्या नावेत चार माणसं बसवून फेरे मोजले, तर ४,६००च्या वर जाईनात. त्याला मशीन कमी पडल्यासारखं वाटलं. आम्ही पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढं सरकायला हवा ते अंतर, दोन इंचांनी कमी असलेला पंखा लावला. एका इंचाला दीडशे-दोनशे फेरे वाढतात. काटा ५,०००ला टेकला, मशीनचं कण्हणं थांबलं. एचपी तेवढंच, फक्त पंखा बदलला. मोठं मशीन घेण्याआधी हे करून बघा, लाखाचा खर्च काही हजारांत भागेल.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. मशीनच्या मागून पाण्याची बारीक धार पडत असते, तिच्यावर डोळा ठेवा. जलपर्णी किंवा प्लास्टिक आत ओढलं गेलं की धार थांबते आणि इंजिन तापून धरतं. आणि पेट्रोल महिनोन्महिने टाकीत ठेवू नका. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि बऱ्याच आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतचीच परवानगी छापलेली असते. घेण्याआधी ते पान उघडून दाखवायला सांगा.

आता मागणी. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ आला. यांत्रिक नावांची नोंदणी आणि तपासणी त्यात आहे. ती कागदावर राहू नये. नोंदणी करतानाच प्रत्येक नावेच्या आतल्या बाजूला, चढणाऱ्याला दिसेल अशा जागी, मराठीत तीन आकडे रंगवलेले असावेत: माणसं, किलो, एचपी. किलोचा आकडा नाव बांधणाऱ्यानं लेखी द्यावा, कारण तिचा आकार त्यालाच नीट ठाऊक. मत्स्यसंपदा योजनेतून नाव-जाळ्यासाठी सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान मिळतं. त्या प्रस्तावाला जोडलेल्या मशीनच्या कोटेशनवर नावेची लांबी आणि फळीची रुंदी लिहिलेली नसेल, तर ते कोटेशन परत पाठवावं. एवढ्या एका ओळीनं विक्रेत्यांना माप घ्यावंच लागेल. आकड्याशेजारी लाइफ जॅकेट टांगलेली असावीत, माणसं तितकी जॅकेटं. आणि मशीन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला असावी. ती मशीनबरोबर फुकट येते आणि बहुतेक ठिकाणी दांड्यालाच गुंडाळलेली दिसते. चालवणारा पाण्यात पडला तर मशीन सुरूच राहतं आणि नाव त्याच्याभोवती फिरते, पंखा चालू ठेवून.

शिरसोडी-कुगाव पूल होईल तेव्हा काही प्रवाशांची सोय होईल, पण मासेमारी आणि पक्ष्यांच्या फेऱ्या पाण्यावरच राहणार. काठच्या मच्छीमार संस्थांनी ठरवलं तर सरकारी आदेशाची वाट न बघता आपापल्या नावा एका आठवड्यात मोजून होतील. लागतं काय, एक टेप, एक वही आणि ऑइलपेंटचा डबा. करमाळा तालुक्यातल्या कुठल्याही संस्थेनं बोलावलं तर मी माझा टेप घेऊन येईन. वळीव सुरू होण्याआधी बोलवा.

आपला,
एक सेवानिवृत्त शिल्प निदेशक, सोलापूर