आण्णा, तुम्ही डायलसमोर उभं केलंत

आदरणीय आण्णा,
सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाईलवर फक्त पावसाचा अंदाज बघता, त्यामुळे हे पत्र तुमच्या नातवालाच वाचून दाखवावं लागणार. त्याला सांगा, आकडे नीट वाच.

आयटीआयची मशिनिस्टची दोन वर्षं करून मी कुपवाड एमआयडीसीत अॅप्रेंटिस म्हणून आले, तेव्हा लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापणारं मशिन, मला पुस्तकातून चांगला माहीत होता. हाताला मात्र फारसा नाही. चार जॉच्या चकमध्ये (चार जबड्यांच्या पकडीत) जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, बरोबर मध्यावर आणताना बरेच मिस्त्री मुद्दाम आडवे उभे राहतात, शिकाऊ पोराला मापाच्या डायलचा काटा दिसू नये म्हणून. त्यांचा राग नाही, ती त्यांची भाकरी आहे. तुम्ही मात्र मला हाताला धरून डायलसमोर उभं केलंत. "काटा कुठं जास्त पळतोय? त्याच्या समोरचा जॉ आधी सैल कर, मग हा आवळ." एवढंच. पण 'आधी' का, तेही सांगितलंत.

पावसाळ्यात साखर कारखान्यांची ओव्हरहॉलिंगची कामं आली की शेडमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसायची. गळीत सुरू व्हायच्या आत सगळं हवं. गनमेटलचा बुश (शाफ्ट ज्यात बसतो ते धातूचं नळकांडं) आतून बोअर करून झाला की माणूस घाईघाईत भोक मोजायचा बोअर गेज घालतो, माप बरोबर दिसतं, जॉब उतरवतो. तुम्ही म्हणायचात, "पोरी, आधी गार होऊ दे." मग खडूनं जमिनीवर हिशेब मांडलात: गनमेटल एका अंशाला मीटरमागे साधारण 18 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फुगतं. 100 मिलिमीटरचा बोअर 40 अंशांनी तापलेला असला तर 72 मायक्रॉन मोठा दिसणार. एच 7 या अचूकतेच्या दर्जात एवढ्या बोअरला मुभाच मुळी 35 मायक्रॉनची. म्हणजे गरम असताना बरोबर आलेलं माप गार झाल्यावर बारीक, आणि कारखान्यात शाफ्ट आत जायला तयार नाही. मोजमापाचं प्रमाण तापमान 20 अंश धरतात, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. एप्रिलमधल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा अर्थ काय, ते तुमच्या खडूनं कळलं.

आता मी सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनवर आहे. तिथं हँडल फिरवायला लागत नाही, पण सकाळी गार मशिनवर निघालेला पहिला जॉब आणि तासाभरानंतरचा जॉब यांच्या मापात फरक पडतोच. मी स्पिंडल आधी रिकामा फिरवते, पहिले काही जॉब मोजते, मगच ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, देते. नवीन पोरं आकडा बघून लगेच ऑफसेट बदलतात, मग तासाभरानं उलटा बदलतात. त्यांना सांगते तेव्हा तोंडातून तुमचेच शब्द येतात, अगदी "पोरी"सुद्धा, समोर पोरगा असला तरी.

हातमोजे घालून फिरत्या चकजवळ जायचं नाही, चकची किल्ली चकमध्ये सोडून हात काढायचा नाही, चीप (कापलेल्या धातूचा कीस) हुकनं ओढायची. हे सगळेच सांगतात. ओढणी घरी ठेवून ये, हे मात्र तुम्हीच सांगितलंत, सगळ्यांसमोर न सांगता, चहाच्या टपरीवर. त्या सांगण्याबद्दल वेगळे आभार.

आणि तुमची चेंज गिअरची, म्हणजे आटे कापताना बदलायच्या गिअरांच्या हिशेबाची वही. मेट्रिक लेथवर इंची आटे कापायला 127 दात्यांचं गिअर का लागतं, ते त्यात पेन्सिलनं मांडलंय: इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, त्याची पाचपट 127. तेल सांडून पुसट झालेली पानं मी नव्या वहीत उतरवून काढली आहेत. रविवारी मिरजेला दोन्ही घेऊन येते. दोन जागी तुमचा 3 आहे की 8 हे लागत नाही, तेवढं बघून द्या. काकूंना सांगा, जेवायला थांबणार आहे.

तुमची,
कुपवाडची अॅप्रेंटिस