पुसलेल्या फाइलींची अडकलेली जागा

महोदय,

मराठवाड्यातील एका कार्यालयाच्या सर्व्हरची देखभाल मी करतो. तेथील स्टोरेज (सर्व्हरला जोडलेली डिस्कांची वेगळी यंत्रणा) ९४ टक्के भरल्याचा इशारा येताच नव्या डिस्कच्या खरेदीचा प्रस्ताव तयार झाला. प्रत्यक्षात जुन्या स्कॅन प्रती पुसून झाल्याने सर्व्हरवर तेथील व्हॉल्यूम (स्टोरेजने सर्व्हरला दिलेला जागेचा भाग) निम्मा मोकळा दिसत होता. या स्टोरेजवरील थिन प्रोव्हिजनिंग पद्धतीत व्हॉल्यूम कागदोपत्री १० टेराबाइटचा असला, तरी खरी जागा माहिती लिहिली जाईल तशी दिली जाते. मात्र फाइल पुसल्यावर फाइल सिस्टीम केवळ स्वतःच्या नोंदी बदलते आणि स्टोरेजला त्याचा पत्ताच लागत नाही. जमीन विकूनही फेरफार न झाल्याने सातबाऱ्यावर जुनेच नाव राहावे, तसा हा प्रकार आहे.

येथे फेरफाराचे काम, म्हणजे कोणती जागा मोकळी झाली हे स्टोरेजला कळवण्याचे काम, अनमॅप ही आज्ञा करते. आम्ही रविवारी रात्री बॅकअप झाल्यावर लिनक्सवर ही आज्ञा पाठवणारे एफएसट्रिम चालवले. तरी सोमवारी आकडा जेमतेम हलला होता, कारण जुन्या स्नॅपशॉटांनी (व्हॉल्यूमची ठरावीक क्षणीची स्थिती जपणाऱ्या नोंदींनी) ती जागा धरून ठेवली होती. त्यांची मुदत संपल्यावर वापर ६१ टक्क्यांवर आला. (दर आठवड्याला हे काम करणारा टायमर त्या सर्व्हरवर होता, पण कोणी तरी बंद करून ठेवला होता.)

अनेक व्हॉल्यूमांना जागा पुरवणारा स्टोरेजचा सामायिक पूल पूर्ण भरला, तर त्यावरील सर्वच व्हॉल्यूमांचे लेखन अडू शकते, त्यामुळे दुर्लक्ष परवडणारे नाही. तरी डिस्क खरेदीच्या प्रत्येक प्रस्तावासोबत अनमॅप केल्यानंतरचा वापर नोंदवणे कार्यालयांनी सक्तीचे करावे, ही विनंती.

– एक सर्व्हर व्यवस्थापक, लातूर