सुमे, ओंकारचं एक सांगायचं राहिलंय

प्रिय सुमे,

दिवाळीत तुझा फोन वाजून गेला. नंतर करते म्हणून मेसेज टाकला आणि केलाच नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत म्हणशील तर शुगर आहे तिथंच आहे, गोळ्या चालू. पुरे.

मी आजी झाले. ग्रुपवर पेढ्यांचा फोटो बघितलाच असशील. पण हे ग्रुपवर टाकायचं नाही, आणि फोनवर सांगायला घेतलं तर तू मध्येच बोलशील आणि माझं राहून जाईल. म्हणून कागद घेतला.

मधुराची डिलिव्हरी पुण्यात झाली. हल्ली लेबर रूममध्ये घरचं एक माणूस आत घेतात. जावयाला रक्त बघून घेरी येते, म्हणून मी गेले. नर्स म्हणून नातेवाइकांना दाराबाहेर हाकलण्यात जिची हयात गेली ती मी, डोक्याला हिरवी टोपी घालून लेकीच्या उशाशी गुपचूप उभी. तू असतीस तर हसून हसून पडली असतीस.

४ वाजून १२ मिनिटांनी बाळ झालं. मुलगी. वेळ मीच आधी बघितली, सवय जात नाही. तिथली सिस्टर असेल पंचविशीची. तिनं बाळाला पुसलं तेच मधुराच्या पोटावर. नाळ अजून उडत होती, क्लॅम्पची घाई नाही. ओला टॉवेल काढून टाकला, डोक्यात टोपी घातली आणि उघडं बाळ आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवून वरून कोरडा टॉवेल घातला. झालं!

आणि सुमे, माझे दोन्ही हात पुढे गेले. मला कळलंसुद्धा नाही. तळवे वर करून, बाळ घ्यायला. तोंडातून निघालं, "वॉर्मर कुठाय?" बाळाला ऊब द्यायचं आपलं ते मशिन. ती पोरगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकू, हात मागे घ्या."

माझंच वाक्य गं. किती जणींना म्हटलं असेल मी.

मग मी हात मागे बांधून उभी राहिले आणि जे बघितलं ते एवढ्या वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं, कारण बघायला बाळ तिथं राहिलेलंच नसायचं. ते आधी रडलं, मग गप्प झालं. डोळे टक्क उघडे. मग स्वतःची मूठ चाटायला लागलं. हाताला गर्भजलाचा वास राहतो आणि त्या वासाच्या मागानं बाळ सरकतं, असं ती सिस्टर मधुराला सांगत होती. पायानं रेटा देऊन इंचभर सरकलं, डोकं आपटलं, थांबलं. झोपलं बहुतेक, असं वाटेपर्यंत थांबलं. परत सरकलं. ४ वाजून ५८ मिनिटांनी आपलं आपण तोंडात धरलं. आपण मुंडी धरून लावायचो, आठवतंय? आणि बाळ ओढत नाही म्हणून बाळंतिणीलाच बोलायचो.

वजन केलं ते तासाभरानं. आंघोळ चोवीस तास नाही. अंगावरचा तो लोण्यासारखा थर मुद्दाम राहू द्यायचा म्हणे. आपल्याकडे शेवंतामावशी सकाळी सहाला ओळीनं सगळ्यांना न्हाऊ घालायच्या, भाजी धुतल्यासारखं. बाळं निळी पडली की आपण बल्ब लावायचो.

आपण मूर्ख होतो असं मी म्हणत नाही. गार पडलं की बाळ जातं, हे आपण डोळ्यांनी बघितलं होतं. वॉर्मरची घाई त्यापोटीच होती. आणि पूर्वीच्या सुइणी फार शहाण्या होत्या हेही मला सांगू नकोस. वार पडेपर्यंत बाळ जमिनीवर तसंच, चीक पिळून टाकायचा आणि मधाचं बोट चाटवायचं, हे सगळं माझ्या आजीच्या घरी झालंय. पण वॉर्मरपाशी बाळाला नेताना मध्ये एक ऊबदार बाई आडवी पडलेली असते, हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

कुणाच्या म्हणजे माझ्या. तुझ्या आलं होतं.

आता मुद्द्यावर येते. ९४ चा डिसेंबर, माझी नाइट, तू टेबलवर. चौतिसावा आठवडा. ओंकार १६५० ग्रॅम. तू म्हणालीस, "एकदा दे माझ्याकडे. पाचच मिनिटं." मी म्हणाले, "सुमे, तू स्टाफ आहेस, पेशंटसारखी नाटकं करू नकोस." आणि घेऊन गेले. तिसऱ्या दिवसापर्यंत तू त्याला काचेतून बघितलंस. वाटीत दूध पिळून पाठवायचीस आणि दर वेळी विचारायचीस, सगळं प्याला का. त्यानंतर सहा महिने तू माझ्याशी बोलली नाहीस. मला वाटायचं, एवढं काय झालं? पोर जगलं ना?

पुढे तू कुठल्याशा ट्रेनिंगहून झेरॉक्सचे कागद घेऊन आलीस. कोलंबिया देश, बोगोटा शहर, १९७८ साल. इनक्युबेटर कमी, एकेकात दोन-दोन बाळं, इन्फेक्शन थांबेना, म्हणून डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आयांच्या छातीला बांधली. कांगारू. तू किती पोटतिडकीनं सांगत होतीस. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आपल्या तालुक्यात कांगारू नाहीत, म्हशी आहेत." सगळे हसले. तू कागद घडी करून पर्समध्ये ठेवलेस. आपण ट्रेनिंगला लागलो ८७ साली, म्हणजे तिकडे हे सुरू होऊन नऊ वर्षं झालेली. इकडे आपण पाठ करत होतो की बाळ झाल्यावर प्रथम आईपासून वेगळं करावे.

परवा रात्री बाळ रडत होतं, झोप गेली, म्हणून मोबाईलवर वाचत बसले. २०२१ साली एक मोठी चाचणी छापून आली. पाच देश, त्यात आपलं दिल्लीचं सफदरजंग. ३२११ बाळं, एक किलोपासून १८०० ग्रॅमच्या आतली. निम्म्यांना स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलं, बाकीच्यांना नेहमीसारखं आधी मशिनमध्ये. अठ्ठावीस दिवसांत मशिनवाल्यांतली शंभरात १५.७ गेली, छातीवाल्यांतली १२. फरक इतका दिसायला लागला की चाचणी मध्येच थांबवली. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं, अशा बाळांना दिवसाचे आठ ते चोवीस तास छातीशी ठेवा, आणि होईल तितक्या लवकर सुरू करा.

शंभरात जवळजवळ चार. १६५० ग्रॅम बरोब्बर त्यातलंच वजन. मी उठून पाणी प्यायले. आपल्या नर्सरीच्या रजिस्टरमधली लाल शाईची नावं आठवायला लागले आणि मग आठवणं बंद केलं. ती जुळी तेवढी आठवली. तुलाही आठवत असतील.

बरं, आता ते. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, आमच्या ह्यांनासुद्धा नाही.

ओंकारची दुसरी रात्र. सव्वातीनला लाइट गेली. जनरेटर लावायला वॉचमन गेला तो आलाच नाही. पेटी गार व्हायला लागली. थर्मामीटर लावलं तर पारा ३५ च्या वर चढेना. पाय बर्फ. गरम पाण्याची पिशवी फुटकी. मी सगळीकडे बघितलं, मग ब्लाउजची बटणं सोडली, त्याला आत घेतलं आणि वरून स्वेटर बंद केला. टॉर्च विझवून स्टुलावर बसले. दीड तास. आधी तो कण्हत होता, मग कण्हणं थांबलं, आणि मी घाबरले. हात लावून बघितलं तर श्वास चालू, पाय कोमट. मूठ माझ्या मंगळसूत्रात अडकलेली. पावणेपाचला लाइट आली. त्याला परत पेटीत ठेवलं आणि चार्टवर लिहिलं, "टेंप. स्टेबल, वॉर्मर कंटिन्यूड."

तू वीस पावलांवर होतीस. जागी होतीस, तुझा खोकला ऐकू येत होता. तुला हाक मारायचं माझ्या मनातही आलं नाही, असं सांगितलं तर खोटं होईल. आलं होतं. पण तुला बोलावलं असतं तर आदल्या रात्री मी चुकले होते हे कबूल झालं असतं. शिवाय, खरं सांगते, उठावंसं वाटेना.

म्हणजे तुझं पोर तुझ्याआधी माझ्या छातीशी झोपलं. आणि हे करून सवरून, पाच-सहा वर्षांनी मी तुझ्या कांगारूवर विनोद केला. बाकी लोक हसले ते न कळून हसले. मला कळत होतं.

त्या दिवशी माझे हात पुढे गेले तेव्हा ती सिस्टर "हात मागे घ्या" म्हणाली, तशी तू मला का म्हणाली नाहीस गं? म्हणायला हवं होतंस. (हे पण तुझ्यावरच ढकलतेय बघ. जित्याची खोड.)

विलासरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? ओंकारचं लग्न ठरतंय असं शोभाकडून कळलं. मुलगी हैदराबादचीच का? गुडघ्याचं तू उगाच लांबवतेयस, करून टाक. माळ्याचं गळणं थांबलं का?

मधुरा सव्वा महिना माझ्याकडेच आहे. शेक-शेगडी माझ्या पद्धतीनं चालू, तेवढं कुणाचं ऐकणार नाही. बाळ दिवसाचं तिच्या अंगावर असतं, दुपारी जावई शर्ट काढून तासभर घेतो. शेजारच्या वहिनींनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा चहा न घेताच गेल्या.

बारसं पुढच्या रविवारी आहे. ये. भांडायचं असेल तर भांड, पण समोर बसून. ओंकारला सांगायचं की नाही ते तू ठरव. आणि ते झेरॉक्सचे कागद अजून असतील तर घेऊन ये. असणारच, तू बिलंसुद्धा टाकत नाहीस.

तुझी,
कुंदा